घाडीगावकरांचा कौल

घाडीगावकर पुस्तक परत करायला आले की ते कधीच माझ्या हातात देत नसत. टेबलाच्या एका टोकाला नेऊन ठेवत. उजव्या नाहीतर डाव्या. मी हात पुढे करून बसलेली असायची आणि हा माणूस माझ्या हाताला वळसा घालून पुस्तक डावीकडच्या शाईच्या बाटलीजवळ ठेवायचा आणि जाहीर करायचा, "डावो!" पहिले दोन महिने मला वाटलं, ह्यांच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. नंतर वाटलं, शिष्ट आहेत. खरं काय ते कळलं तेव्हा हसावं की रडावं तेच कळेना, आणि आजही मला ते नीटसं कळलेलं नाही.

माझी लायब्ररी म्हणजे घाटकोपर पश्चिमेला आमच्या तळमजल्याच्या घरातली पुढची खोली. सहा कपाटं, एक टेबल, एक वही आणि दारावर आमच्या यजमानांनी स्वतः रंगवलेली पाटी. यजमान बँकेत. मी सकाळी पोळ्या लाटायची आणि दुपारी चार ते साडेसात लायब्रेरियन व्हायची. माझा स्वभाव मायाळू वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकते. पान दुमडणाऱ्याला मी दारातच फैलावर घ्यायची. पुस्तकावर डाग सापडला तर कोणाच्या घरी त्या दिवशी कुठली आमटी होती हे चारचौघांत सांगायची. असल्या बाईच्या लायब्ररीत घाडीगावकर साडेतीन वर्षं टिकले.

ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. म्हणजे कापड विणायच्या मागांवर. बत्तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि आपण अगदी हळू बोलतो अशी त्यांची समजूत होती. कुठल्या कादंबरीबद्दल त्यांचं काय मत आहे ते तिसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईलाही कळायचं. मग गिरण्यांचा संप झाला, लांबला, आणि कोणी न मिटवताच तसा पडून राहिला. घाडीगावकरांची परळची खोली गेली. ते आमच्याकडे डोंगराच्या बाजूला गाववाल्यांच्या खोलीत राहायला आले आणि साकीनाक्याच्या एका वर्कशॉपच्या फाटकावर दिवसपाळीचे वॉचमन झाले. ट्रक आला की फाटक उघडायचं, गेला की लावायचं. दोन ट्रकांच्या मधे वेळच वेळ. त्या वेळात ते वाचायचे.

उजव्या-डाव्याचा उलगडा एका दुपारी झाला. लायब्ररीत कोणी नव्हतं. मी सरळ विचारलं, "अहो घाडीगावकर, हा काय प्रकार आहे?"

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग सांगितलं. त्यांचं घराणं गावच्या देवळातलं. घाडी म्हणजे लोकांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालणारे. वडील घालायचे, आता थोरला भाऊ घालतो. गावात कोणाला काही ठरवायचं असलं, मुलीचं लग्न, विहीर, बैल, काहीही, की देवाला कौल लावायचा. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून उभं राहायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

"पण माझो विश्वास नाय हां वयनी," ते घाईघाईने म्हणाले. "मी युनियनचो माणूस. देवळात जायत नाय मी."

"देवावर विश्वास नाही, आणि पुस्तकावर आहे?"

"पुस्तक माणसान लिवलेला आसता," ते म्हणाले. युनियनच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे मला तेव्हाच समजलं.

तर त्यांचा कौल असा. प्रत्येक गोष्टीत कोणीतरी घर सोडून जातं. जातंच, नाहीतर गोष्ट कसली? ते माणूस शेवटी घरी परत आलं तर पुस्तक उजवं. नाही आलं तर डावं. बस. मग ती कादंबरी कोणाची, भाषा कशी, बक्षीस मिळालं की नाही, ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

आणि प्रश्नही त्यांनी सांगून टाकला. संपाच्या पहिल्या गणपतीला ते गावी गेले होते. अंगणात माणसं बसलेली असताना थोरला भाऊ बोलता बोलता म्हणाला, गिरणी गेली तुझी, आता नांगर धर. ह्यांचं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणाले, गिरणीचा भोंगा वाजल्याशिवाय ह्या गावाच्या वेशीत पाय ठेवणार नाही. आणि तसेच निघून आले. बायको मागेच राहिली, सासूजवळ. मुंबईला आणणार कुठे? सहा पुरुषांच्या खोलीत? मूलबाळ नव्हतं. तिला लिहितावाचता येत नव्हतं आणि ह्यांना पत्र लिहवत नव्हतं. "शेजाऱ्याकडसून वाचून घेवचा लागतला तिका," ते म्हणाले. "मगे मी काय लिवतलंय? पाऊस बरो आसा?"

भोंगा काही वाजत नव्हता. म्हणून दर श्रावणात ते एक पुस्तक निवडायचे, आणि त्याला प्रश्न घालायचे: शपथ मोडून ह्या गणपतीला घरी जाऊ का? बाकी वर्षभरातलं वाचन म्हणजे नुसती तालीम.

हे ऐकल्यावर त्यांची मतं मला वेगळीच ऐकू यायला लागली. हेरकथा घ्या. माझ्याकडे हेरकथांवर उड्या पडायच्या. घाडीगावकर म्हणायचे, "हो बघा तुमचो हेर. पानापानाक सिगरेट ओढता. ह्येका पगार कोण देता? आणि ज्याचो खून झालो त्याच्या बायलेक तिसऱ्या पानार एक प्रश्न विचारल्यानी. मगे दोनशे पानां ती बाई खंय गेली? दुसऱ्या दिवशी त्या घरात चूल कोणी पेटवल्यान?"

मी म्हणायची, "अहो, पण खुनी सापडला ना शेवटी?"

"खुनी सापडलो. गेलेलो खंय सापडलो? डावो."

भुताखेतांच्या पुस्तकांबद्दल तर ते कोकणी माणसाच्या अधिकाराने बोलत. बंगला, पांढरी साडी, वारा नसताना हलणारा झोपाळा, असं सगळं वाचून झाल्यावर त्यांनी एकदा निकाल दिला, "ह्यां भूत न्हय. भूत येवढा बोलना नाय. त्येका कामां आसतत."

त्यांचं खरं प्रेम मात्र किशोरांच्या कपाटावर होतं. सुट्टीत चार मुलं आणि एक कुत्रा समुद्रकाठच्या गावी जातात आणि स्मगलर पकडून देतात, असली पुस्तकं. पन्नाशी उलटलेला माणूस खाकी पँटीत त्या कपाटापुढे उकिडवा बसलेला बघून दहावीची परीक्षा दिलेली पोरं खुसखुसायची. त्यांना वाटायचं, काका नातवासाठी पुस्तक शोधताहेत. काका स्वतःसाठी शोधत होते आणि मनातल्या मनात भांडत होते.

"दोनशे पानांत चार पोरां सात वेळा खातत," ते मला मोजून सांगायचे. "शंकरपाळे काय, बेसनाचे लाडू काय. कुत्र्याक एकदाय कोणी घालना नाय. तरी तो चोराचो पाय धरता. माका विचारशात तर कुत्र्यान चोराच्या बाजून जावक व्हया होता." किंवा, "आमच्या किनाऱ्यार गुहा? वयनी, थंय खेकडे रवतत. स्मगलर आत शिरलो तर त्याचो पाय फोडून काढतीत." किंवा, "सोळा वर्सांचो पोरगो. मिशी फुटता हा. आणि ह्येका चिंता कसली, तर नकाशाचो दुसरो तुकडो खंय आसा! सोळाव्या वर्सी मी बदलीवालो म्हणान, कोण गैरहजर रवता बघीत, गिरणीच्या गेटार उभो होतंय."

इतकी नावं ठेवायचे आणि पुढचा भाग आला का म्हणून आठवड्यातून दोनदा विचारायचे. एकदा असंच पुस्तक उजवीकडे ठेवलं आणि चक्क हळू आवाजात म्हणाले, "ह्या पोरांची सुट्टी संपता, म्हणान गोष्ट संपता. आमची सुट्टी काय संपना नाय."

मी वहीत तारीख टाकली.

सगळ्यात जास्त राग त्यांना धूसर शेवटांचा. नायक शेवटच्या पानावर क्षितिजाकडे पाहत उभा राहिला की घाडीगावकरांचा तोल जायचा. "येतलो काय नाय येतलो तां सांग ना मेल्या!" हे लेखकाला. "तीनशे पानां माका बसवन ठेवलंस, आणि आता बघतंस खंय?" अशी पुस्तकं ते टेबलावर ठेवतच नसत, थेट कपाटात कोंबत. पाकळी कुठल्याच बाजूची पडली नाही, तर ठेवणार कुठे? एकदा एक नामांकित लेखक आमच्या विभागातल्या गणेशोत्सवात भाषणाला येणार होते तेव्हा मी घाडीगावकरांना मुद्दाम सांगितलं नाही. उगाच मारामारी नको.

दुसऱ्या श्रावणात पेंडसेबाईंनी घोळ घातला. ह्या आमच्या निवृत्त शिक्षिका. पुस्तक परत करताना शेवट सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. घाडीगावकरांनी त्या वर्षीच्या कौलासाठी एक कादंबरी नेली होती. दोन प्रकरणं उरली होती. त्यांच्या हातात ती बघून पेंडसेबाई आनंदाने ओरडल्या, "अय्या, हे घेतलंत? शेवटी तो बोटीवरून उतरतो हो! मला इतकं बरं वाटलं!"

घाडीगावकर पांढरेफटक पडले. उजवा कौल होता तो. पण तो माणसाच्या तोंडून आला होता.

"बाईनू," ते म्हणाले, "देवाच्या अंगावरची पाकळी तुमी हातान काढलात."

पेंडसेबाईंना वाटलं ही कसली तरी स्तुती आहे. त्या हसल्या. घाडीगावकर पुस्तक तसंच ठेवून निघून गेले आणि त्या गणपतीला घाटकोपरातच राहिले.

तिसऱ्या श्रावणात मी त्यांना एक प्रेमकथा दिली. माझा हिशेब साधा होता. प्रेमकथेत रुसून गेलेला नायक परत येणार म्हणजे येणारच. दोन दिवसांनी पुस्तक उजवीकडे आलं. मी खूश. "मग? कधी निघताय?"

"ह्यो धरूचो नाय," ते म्हणाले. "ह्या पुस्तकांक डावो हातच नाय. सगळीच उजवी. असलो देव काय कामाचो?"

"बरं, मग मुलांचं पुस्तक घ्या. ते तर तुमचं आवडतं."

"तांय धरूचा नाय. पोरां घरी येतलीच. लेखकाक आणूकच लागतत. घरात आई वाट बघता."

"आणि तुमच्या घरात कोणी वाट बघत नाही वाटतं?"

हे मी बोलायला नको होतं. ते किशोरांच्या कपाटाकडे वळले. कमी ऐकू येणाऱ्या माणसाची ही एक सोय असते, पण मला माहीत आहे, त्यांना ऐकू गेलं होतं.

म्हणजे उरल्या कुठल्या, तर त्या जाडजूड रडक्या सामाजिक कादंबऱ्या. त्याच खऱ्या, त्यांचाच कौल धरायचा. आणि त्यातला गेलेला माणूस कधी म्हणजे कधी परत येत नाही, हे मी सहा कपाटं वाचून सांगते. मला ह्या माणसाचा भयंकर राग यायला लागला होता. ह्यांना जायचं नाही की जाववत नाही? नियम स्वतःच करायचे, स्वतःच अडकायचं, आणि तिकडे ती बाई तीन वर्षं सासूचे पाय चेपतेय. एकदा मी यजमानांना म्हटलं, "तुम्ही असं केलं असतंत तर मी येऊन कान धरून नेलं असतं." ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "म्हणून तर मी बँकेत लागलो."

चौथ्या श्रावणात मी ते पाप केलं.

कादंबरी अशी होती. खाडीकाठचं गाव. नवरा आफ्रिकेला गेलेला. बायको रोज लाँचची वाट बघते. साडेतीनशे पानं नुसती वाट. शेवटच्या प्रकरणात ती चुलीवर भात ठेवते आणि लाँचचा भोंगा ऐकू येतो. आज ती नेहमीसारखी दारात थांबत नाही. केस बांधते आणि उतारावरून धक्क्याकडे धावत सुटते. त्यानंतर सहा पानं. उतरणाऱ्या माणसांत तो नसतो. ती घरी येते. भात करपलेला असतो. ती करपलेला भात ताटात वाढून घेऊन जेवायला बसते, आणि संपलं.

नशिबाने धावत सुटण्याचं वाक्य पानाच्या अगदी तळाशी संपत होतं. मी दार लावलं, स्टीलची पट्टी धरली आणि ब्लेडने ती सहा पानं कापली. कोपरा दुमडला म्हणून लोकांची खरडपट्टी काढणारी बाई मी! कापून झाल्यावर शेवटच्या ओळीखाली लायब्ररीचा शिक्का मारला, म्हणजे काहीतरी संपल्यासारखं वाटावं. पानं टेबलाच्या खणात ठेवली.

घाडीगावकरांनी तीन दिवसांत वाचली. चौथ्या दिवशी चारच्या ठोक्याला आले, पुस्तक उजवीकडे ठेवलं आणि उभे राहिले. "उजवो," म्हणाले. ओरडले नाहीत.

"मग?"

"मगे काय. जावक व्हया."

एवढं बोलून त्यांनी पुस्तक पुन्हा उचललं. "ह्यां घेवन जातंय. तिका वाचून दाखवतंय. इतकी वर्सां हंय बसान काय करत होतंय, तां तरी तिका कळांदे."

गणपतीच्या आदल्या दिवशी ते एस.टी.ने गेले. नवा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत ती कादंबरी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी स्वतःवर इतकी खूश होते की पेंडसेबाईंनाही चहा पाजला आणि त्यांनी सांगितलेले दोन शेवट निमूटपणे ऐकून घेतले.

अनंत चतुर्दशीपर्यंत ते येत नाहीत असं मी धरून चालले होते. पाचव्या दिवशी चार वाजता दार उघडलं तर घाडीगावकर उभे. गावात गौरीसुद्धा अजून उठल्या नसतील. शर्ट तोच, चुरगळलेला. ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. पूर्वी कधी बसले नव्हते.

"शेवट खंय आसा, वयनी?"

त्यांनी पुस्तक उघडून शिवणीजवळच्या कापलेल्या कडा मला दाखवल्या. बत्तीस वर्षं कापडातला तुटका धागा शोधलेला माणूस तो. त्याला ब्लेडची कड दिसणार नाही असं मला वाटलंच कसं?

"कधी कळलं?"

"हंयच. पयल्या दिवशी."

"मग गेलात कशाला?"

"जावचा होता म्हणान," ते म्हणाले.

मला रडूच कोसळलं. म्हणजे चार वर्षं ह्या माणसाला फक्त एक निमित्त हवं होतं, कसलंही, अगदी खोटंसुद्धा चाललं असतं, आणि मी मेली साडेतीन वर्षं त्याला नियम विचारत बसले होते.

"उजवो काय डावो? तेवढा सांगा," ते म्हणाले.

"उजवा," मी डोळे पुसत म्हटलं. "येतो तो. त्याच लाँचने येतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. "मगे फाडलात कित्याक?"

मी खण उघडून ती सहा पानं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी हात लावला नाही. उलटी पडली होती, ती सुलटीही केली नाहीत. मग ते गावचं सांगायला लागले, आणि इतक्या हळू की मला टेबलावर वाकून ऐकावं लागलं.

वेशीत पाय ठेवताना त्यांना वाटत होतं, आता कोणीतरी हसणार, कोणीतरी शपथ काढणार. कोणी काढली नाही. शेवटी आरतीनंतर त्यांनीच भावाला म्हटलं, दादा, मी शपथ मोडून इलंय. भाऊ म्हणाला, "कसली शपथ?" अंगणात त्या दिवशी बसलेली सगळी माणसं तिथेच होती. कोणालाच आठवेना. एकाला वाटलं, ह्यांनी दारू सोडायची शपथ घेतली होती. सगळे हसले, ह्यांनाही हसावं लागलं.

"चार वर्सां," घाडीगावकर म्हणाले. "कोणाक ठावकच नाय."

"आणि घरी, बायकोला?"

"तिका ठावक होता. म्हणाली, तुमी बोललात, मी आयकलंय. म्हणान बोलवणा धाडूक नाय."

तिने भांडण केलं नाही. ते म्हणाले, भांडली असती तर बरं झालं असतं. तिने त्यांना चहा दिला तो पाहुण्यांच्या कपबशीतून. घरातली माणसं पितळीतून पितात. झोपायला पडवीत नवी चटई घातली. आंघोळीला पाणी काढून ठेवलं आणि टॉवेल कुठे आहे ते सांगितलं. स्वतःच्या घरात टॉवेल कुठे आहे ते!

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पडवीत पुस्तक घेऊन बसले. ती तांदूळ निवडत होती. त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. म्हणजे त्यांच्या मोठ्याने. पहिल्या दिवशी ती नुसती निवडत राहिली. दुसऱ्या दिवशी सूप घेऊन जरा जवळ सरकली. मधली पानं गाळत गाळत तिसऱ्या दिवशी ते त्या लाँचच्या भोंग्यापर्यंत आले, तेव्हा तिचे हात थांबले होते. बाई केस बांधते, उतारावरून धावत सुटते. आणि पुढे पान नाही.

"मगे?" तिने विचारलं.

चार वर्षांत तिने त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न.

"मी म्हटलं, पुढचा अजून छापूक नाय. छापखान्यात संप आसा. मिटलो की येतलो." घाडीगावकर किंचित हसले. "ती म्हणाली, संप? मगे तो शेवट येवचो नाय."

तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी बादली आपटली.

"मगे म्हणाली, येवढी पुस्तकां वाचलात, तर आता तुमीच सांगा काय झाला तां."

मी त्यांच्याकडे बघत होते. साडेतीन वर्षं ह्या माणसाने माझ्यासमोर उभं राहून शंभर लेखकांचे शेवट मोडीत काढले होते. हा खोटा, तो भित्रा, तो क्षितिजाकडे बघतो. आता पडवीत बायको सूप बाजूला ठेवून बसली होती आणि लेखक ते स्वतः होते.

"काय सांगितलंत?"

"सांगितलंय, घोव परत येता."

"छान केलंत," मी म्हटलं. खरंच छान केलं होतं. "मग काय म्हणाली?"

घाडीगावकरांनी टेबलावरच्या त्या उलट्या पानांकडे पाहिलं.

"म्हणाली, कदी?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणतलंय, वयनी," ते म्हणाले. "दुपारची येष्टी पकडलंय."